गावातल्या दोघांचा सत्कार करायचाय, शाल-नारळाच्या पुढं काय करता येईल?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, नाव मुद्दाम टाकत नाही कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची नातवंडं इथं वाचत असतील आणि मग सगळा बोभाटा होईल. तर २६ जानेवारीला मंडळातर्फे गावातल्या दोन माणसांचा सत्कार करायचं चाललंय आणि त्यावरून मंडळात दोन तट पडलेत, म्हणून म्हणलं इथं विचारावं.

पहिले आमचे नाना. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त, ७१ च्या बांगलादेश युद्धात जमालपूरला होते, आता पंचाहत्तरीला आलेत. पण सत्कार लढाईचा नाही, नंतरचा आहे. गेली वीसेक वर्षं दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी हा माणूस कापडी पिशवी घेऊन पारावर बसतो आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांतनं माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा कागदं घेऊन येतात. कुणाचा हयातीचा दाखला अडकलाय, कुणाच्या नवऱ्याचं डिस्चार्ज बुक उंदरानं खाल्लंय, कुणाचं नाव फौजेच्या कागदात एक आणि आधारवर दुसरंच. नाना सगळं लिहून देतात, बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवतात, साताऱ्याला सैनिक कल्याण ऑफिसला स्वतःच्या खर्चानं एसटीनं जातात. चहासुद्धा घेत नाहीत कुणाचा, म्हणजे घेतात पण पैसे स्वतः देतात.

दुसरे आमचे गुरुजी. जिल्हा परिषद शाळेतनं रिटायर झाले आणि तेव्हापासनं गावातले दगड गोळा करतायत. हसू नका, वीरगळ म्हणतोय, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे जुने कोरीव दगड. एक नदीवर धुणं धुवायला होता, एक गोठ्याच्या उंबऱ्याला, दोन गटारावर टाकलेले, असे करत अकरा वीरगळ आणि एक सतीशिळा भैरवनाथाच्या देवळापाशी आणून उभे केलेत. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली एक संगमरवरी पाटी होती, इतके जण लढाईला गेले आणि इतके मेले असं लिहिलेली, ती चुन्याखाली गेलेली, ती पण त्यांनीच साफ करून घेतली.

आता भांडण काय तर एक गट म्हणतो सैनिकांच्या कार्यक्रमात मास्तर कशाला, त्यांचं वेगळं करू यात्रेला. दुसरा गट म्हणतो एकत्रच करा, खर्च वाचतो (हे कारण ऐकून मला लाज वाटली पण असो). शिवाय पाहुणा कोण आणायचा, फ्लेक्सवर कुणाचे फोटो, हे तर आहेच. मला एवढंच विचारायचंय की शाल, श्रीफळ, फेटा आणि काचेचं सन्मानचिन्ह ह्याच्या पुढं जाऊन काय करता येईल? मानपत्रात काय लिहावं? आणि सरकारकडनं अशा माणसांना काही मिळतं का, अर्ज कसा करायचा? कुणी केलं असेल तर सांगा.


फौजी_रिटायर्ड

जय हिंद. २४ वर्षं नोकरी करून आता घरी आहे, तुमच्याच जिल्ह्यातला. सत्काराला बसलेला माणूस म्हणून सांगतो, आयोजक म्हणून नाही.

पहिली गोष्ट, पाहुण्याची वाट बघायला लावू नका. मागं एका गावात आम्हाला, म्हणजे १४ माजी सैनिक आणि चार वीरपत्नी, सकाळी नऊला बोलावलं आणि पाहुणे आले पावणेएकला. उन्हात. मग घाई झाली म्हणून आमचे सत्कार "प्रातिनिधिक" केले, म्हणजे एकाच्या गळ्यात हार घातला आणि बाकीच्यांना पिशव्या वाटल्या. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी पिशवी तिथंच खुर्चीवर ठेवून निघून गेली. तेव्हापासनं मी कुठं जात नाही. झेंडावंदन झालं की लगेच करा, सरपंचांच्या नाहीतर शाळेतल्या पोरांच्या हातनं करा, अर्ध्या तासात उरका.

दुसरं, पत्रिकेवर आणि मानपत्रावर "सुभेदार अमुक अमुक (निवृत्त)" असं लिहा, "निवृत्त सुभेदार" नको. माणूस निवृत्त होतो, रँक होत नाही. मेडलं लावून यायला सांगा, त्यांची स्वतःची असतील तर डावीकडं. एखादी ताई नवऱ्याची मेडलं लावून येणार असेल तर ती उजवीकडं लागतात, हे कुणी सांगत नाही आणि मग फोटोत चुकतं. आणि वीरपत्नी हा शब्द युद्धात किंवा मोहिमेत नवरा गेला तिच्यासाठी वापरतात, सरसकट सगळ्यांना लावू नका, ज्यांना तो लागू आहे त्यांनाच टोचतं ते.

तिसरं आणि खरं. नाना जे काम करतात ते बाहेरच्याला कळत नाही म्हणून थोडं लिहितो. जुन्या काळी जवान सुट्टीवर येऊन लग्न करून जायचा आणि पलटणीत जाऊन ते नोंदवायचाच नाही, नाहीतर कारकुनाला बायकोचं माहेरचं नाव सांगायचा. इकडं सासरी नाव बदललेलं, रेशनकार्डावर तिसरंच. नवरा गेला की फॅमिली पेन्शनचा अर्ज परत येतो, का तर ही बाई म्हणजे तीच बाई कशावरून. मग तहसीलचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, दोन साक्षीदार, बेळगावला पत्र, तिकडनं शेरा मारून परत, असं वर्षं-वर्ष चालतं. आता सगळं स्पर्श ह्या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर गेलंय, म्हणजे ज्यांचा डेटा नीट चढला त्यांचं सोपं झालं आणि ज्यांचा चुकीचा चढला त्यांना कुठल्या खिडकीवर जाऊन भांडायचं ते कळेना. जीवन प्रमाणचं, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचं, मोबाईलवर चेहरा दाखवून होतं पण ८० वर्षांच्या बाईला ते कोण करून देणार? नाना.

त्यात नियम सारखे बदलत असतात. ज्यांना पेन्शनच नाही अशा ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडनं महिन्याला ४,००० मिळायचे ते नोव्हेंबर २०२५ पासनं ८,००० केलेत, हे किती जणांना माहितीय? २०२० साली राज्यानं माजी सैनिकांची घरपट्टी माफ करायची योजना काढली, बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं आहे, ती पण मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून माझं मत, त्यांच्या हाताखाली कंप्युटर येणारी दोन पोरं द्या आणि ग्रामपंचायतीत एक टेबल, प्रिंटर, स्कॅनर द्या. काचेच्या मोमेंटोवर तीन हजार घालवू नका, आमच्या घरी सहा पडलेत, बायको त्याला फुलदाणी टेकवते.


दगडधोंडा

वा! अकरा वीरगळ! गुरुजींना माझा दंडवत सांगा.

"सैनिकांच्या कार्यक्रमात मास्तर कशाला" असं म्हणणाऱ्यांना एकदा त्या देवळापाशी घेऊन जा आणि वीरगळ खालनं वर वाचायला लावा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई नाहीतर पडलेला वीर, गाई कोरलेल्या असतील तर गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, म्हणजे कैलासाला पोचला. डोक्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, जोवर ते आहेत तोवर ह्याची आठवण राहणार. हे त्या काळचं वॉर मेमोरियलच आहे की राव! एकानं मेलेल्या सैनिकांचे दगड उभे केले आणि दुसरा जिवंत सैनिकांची कागदं उभी करतोय, वेगळं काय आहे ह्यात?

तुमच्याच बाजूला वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी ढीगभर वीरगळ आहेत, मंडळाची एक सहल तिकडं काढा. आणि कधी मुंबईला गेलात तर बोरिवलीत एकसरचे बघा, शिलाहारांच्या काळातले, त्यावर जहाजांची लढाई कोरलीय, ओळीनं वल्ही दिसतात. आजूबाजूला बिल्डिंगा आणि मध्ये हे.

आता हात जोडून विनंती. सत्काराच्या नादात त्या वीरगळांना ऑइलपेंट फासू नका!! शेंदूर नको, सिमेंटमध्ये गाडू नका, घासायला तारेचा ब्रश आणि ॲसिड तर अजिबात नको. आमच्या इकडं एका मंडळानं "सुशोभीकरण" म्हणून सगळे दगड सोनेरी रंगवलेत, आता त्यातला घोडा कुठला आणि गाय कुठली कळत नाही. नुसतं साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. आणि गुरुजींकडनं प्रत्येक दगड मुळात कुठं सापडला ते लिहून घ्या, कुणाच्या शेताच्या बांधाला, कुठल्या तोंडानं उभा होता. दगड हलला की त्याची अर्धी माहिती जाते आणि उरलेली अर्धी आत्ता फक्त गुरुजींच्या डोक्यात आहे. फोटो, उंची-रुंदी आणि मूळ जागा अशी एक छोटी पुस्तिका करा, झेरॉक्स काढून स्टेपल मारली तरी चालेल. सत्काराच्या दिवशी ती वाटा.


रानमेवा९०

डीजे आहे का 😂


कृष्णाकाठचा

@रानमेवा९० नाही. लेझीम आहे. ये.


माहेरवाशीण

मी सहसा लिहीत नाही पण ह्यावर लिहावंसं वाटलं. माझी आत्या वीरपत्नी, आता नाही ती. दरवर्षी कुणी ना कुणी सत्काराला बोलवायचं. पुरुषांना टिळा लावायचे, फेटा बांधायचे आणि हिची पाळी आली की ताट घेऊन आलेली बाई थबकायची. कुंकू लावायचं का नाही? मग इकडं तिकडं बघायची आणि नुसतीच साडी हातात द्यायची, किंवा हळदच लावायची, किंवा हे असं घाईघाईत लांबनं ओवाळायची. स्टेजवर, सगळ्या गावासमोर. आत्या म्हणायची, तुझे फुफा गेले त्या दिवसापेक्षा मला दरवर्षीचा २६ जानेवारी जास्त लागतो.

(फुफा म्हणजे आत्याचा नवरा, हा शब्द तिनं अंबाला कँटोन्मेंटातनं आणलेला, आम्ही मामाच म्हणायचो.)

तेव्हा नानांच्या सत्काराला तुम्ही त्या बायकांना बोलवणारच असाल, आणि बोलवाच, तर आधी मंडळातल्या महिलांना एकत्र बसवून ठरवा की सगळ्यांना सारखंच कुंकू लावायचं, जिला नको ती नको म्हणेल. घाबरायचं कारण नाही, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं सगळं बंद. पाठोपाठ त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आणि गंमत बघा, घरटी फौजी म्हणून प्रसिद्ध असलेलं सैनिक टाकळी पण त्याच शिरोळ तालुक्यातलं.

खरं तर नानांना शाल त्या बायकांच्याच हातनं घालायला लावा. ज्यांची पेन्शन सुरू झाली त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातनं. तुमचा पाहुण्याचा प्रश्न पण सुटला.


फौजी_रिटायर्ड

@माहेरवाशीण ताई, बरोबर बोललात. हे आम्हा पुरुषांच्या डोक्यात आलंच नसतं. पाहुणी तीच.


बेळगावकर

चावडीवरच्या पाटीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, लांब होईल, वाचायचं तर वाचा.

ह्या पाट्या पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगाव बसवल्या. मजकूर ठरलेला असतो, ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आताचा रायगड) ह्या पट्ट्यात भरपूर आहेत, बऱ्याच आता शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत गिलाव्याखाली गेल्यात. तुमच्या जवळचं अपशिंगे तर माहीतच असेल, एकट्या त्या गावचे ४६ जण त्या युद्धात मेले, म्हणून गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटलं. पण ह्या पाटीवर काय नसतं सांगा? नाव. नुसता आकडा.

आणि हे फक्त गावच्या पाटीवर नाही. आपले बहुतेक मराठे तेव्हा मेसोपोटेमियात म्हणजे आताच्या इराकात होते, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी घोडी खाल्ली, मग शरणागती आणि नंतर तुर्कांच्या कैदेत वाळवंटातनं चालवत नेलं त्यात किती मेले त्याला गणती नाही. त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथं अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा टाकला. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला मात्र ४,७०० वर हिंदी नावं दगडात आहेत. म्हणजे युरोपात मेला तर नाव, इराकात मेला तर आकडा! ही स्मारकं आणि कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये अहवाल काढून ह्याबद्दल माफी मागितली, शंभर वर्षांनी.

तर उद्योग सांगतो. ह्या कमिशनच्या वेबसाइटवर नाव, पलटण, तारीख टाकून शोधता येतं, फुकट आहे. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. स्पेलिंग इंग्रजी कारकुनाच्या कानावर अवलंबून, त्यामुळं तुमच्या गावाचं नाव पाच-सहा प्रकारे लिहून बघावं लागेल. कॉलेजच्या पोरांना बसवा दोन रविवार. गुरुजींनी पाटी साफ केलीय, आता तिच्या शेजारी दुसरी पाटी लावा, नावांची. गुरुजींना ह्याच्यापेक्षा मोठा सत्कार काय करणार तुम्ही?

तसं मनावर घेतलं तर काय होतं बघा. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनमधले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे ते ठीक, ते आपलं कर्तव्यच, पण तिकडं इटलीत माँतोने गावच्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांच्या नावानं स्मारक उभं केलं, सूर्यघड्याळाचं. ७९ वर्षांनी, परक्या मुलखात. आणि आपल्याकडं चावडीची पाटी चुन्याखाली.


कृष्णाकाठचा

@बेळगावकर साहेब अंगावर काटा आला. आमच्या पाटीवर आकडा ३८ आणि ५ आहे. ते पाच कोण हे गावात आज एकालाही सांगता येत नाही, गुरुजींना सुद्धा नाही. ते म्हणतात एक त्यांच्या आज्याचा चुलता असावा पण खात्री नाही.


स्पष्टवक्ता

सगळं छान चाललंय पण मी जरा उलट बोलतो. हे सत्कार-फित्कार आपल्याकडं फार झालेत. वाढदिवसाला सत्कार, निवड झाली सत्कार, निवड हुकली तरी सत्कार. खरं काम करणाऱ्याला ह्याची गरज नसते, त्याला त्याचं काम करू द्या. तुमचे नाना स्वतः नको म्हणत असतील बघा.


फौजी_रिटायर्ड

@स्पष्टवक्ता भाऊ, असं बोलायला सोपं असतं. मुरलीकांत पेटकर माहीत आहेत का, सांगली जिल्ह्यातले, फौजेच्या ईएमई ह्या इंजिनिअरिंग कोअरचे जवान, ६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्यानंतर पोहायला शिकले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण घेतलं, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री कधी? २०१८. अर्जुन पुरस्कार तर २०२४ सालचा. सत्तरी उलटून ऐंशीला आल्यावर. ह्याला "गरज नसते" म्हणायचं का आपण विसरलो म्हणायचं? फौजी तोंडानं मागत नाही हे खरं, पण मागत नाही म्हणजे नको असतं असं कुणी सांगितलं?


स्पष्टवक्ता

मान्य. पण फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो दिसला तर मी परत येणार इथं.


पिंगुळी_तिठा

सरकारी पुरस्काराचं विचारलंय ना, तर जेवढं पक्कं माहितीय तेवढं लिहितो. पद्म पुरस्कारासाठी कुणीही कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो, अगदी स्वतःचं सुद्धा. आमदार-खासदाराची चिठ्ठी लागत नाही. त्यात कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचं असतं. वर्षाला मरणोत्तर वगैरे सोडून १२० च्या वर देत नाहीत तेव्हा आशा बेतानं ठेवा, पण अर्ज भरायला काय जातंय.

आणि अगदीच अशक्य नाही. आमचे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे, ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या त्यांनी जपल्या, घरच्या गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलं आणि २०२१ ला पद्मश्री झाली. गोठा होता हो, खरंच गोठा. लोक नावं ठेवत होते तेव्हा, आता गाड्या वळवून बघायला येतात. तुमच्या गुरुजींचे दगड पण उद्या असेच.

नानांसाठी मात्र पहिल्यांदा जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, निधी संकलनाचा कार्यक्रम कलेक्टर ऑफिसला होतो, तिथं अशा माणसांना बोलवून चार शब्द बोलतात. नानांना तिथले सगळे ओळखतच असतील, वीस वर्षं खेटे घालतायत म्हणल्यावर.

बाकी ते ८०० शब्द पुरस्कार मिळो न मिळो लिहून काढाच. लिहायला बसलात की कळेल तुम्हाला त्या माणसाबद्दल काहीच नीट माहीत नाही. माझ्या बाबतीत तेच झालं होतं, एका दशावतारी कलाकाराचं लिहायला घेतलं आणि तीन ओळींत संपलं, "थोर कलावंत आहेत, निष्ठेनं सेवा केली", झालं. मग चार दिवस त्यांच्या पडवीत बसलो.


दगडधोंडा

मानपत्राचं पण तेच. "आपले कार्य अनमोल आहे, आपण समाजासाठी दीपस्तंभ आहात" असलं काही नको, ते कुणालाही लागू होतं. किती जणांची कागदं केली, पहिली केस कुठली, सगळ्यात जास्त वर्षं कुठली चालली ते लिहा. नाना डायरी ठेवत असतील पैजेवर सांगतो, फौजी माणूस आहे.


माहेरवाशीण

आणि छापायच्या आधी त्यांना दाखवा. सरप्राइज गेलं तरी चालेल. आत्याच्या मानपत्रात फुफांचं नावच चुकलं होतं. फ्रेम करून दिलेलं, काच लावून.


कृष्णाकाठचा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी, उसाची तोड चालू होती.

काय काय ठरलं ते सांगतो. एकत्रच करायचं ठरलं. त्या "मास्तर कशाला" म्हणणाऱ्या गटाला रविवारी भैरवनाथापाशी नेलं, गुरुजींनी एक वीरगळ खालनं वर समजावून सांगितला, त्यातला एकजण जो सगळ्यात जास्त विरोध करत होता तो म्हणाला हा आमच्या गोठ्यात होता की, माझ्या आजीनं ह्यावर मिरच्या वाटल्यात. संपलं तिथंच.

पाहुणा नाही. नानांना शाल घालणार आमच्या शेजारच्या गावच्या एक काकू, ८३ वर्षांच्या, त्यांची फॅमिली पेन्शन अकरा वर्षांनी सुरू झाली. कुंकू सगळ्यांना. ह्यावर मंडळात थोडी कुजबुज झाली पण माझ्या आईनं "तुमच्या घरच्या बायकांना विचारून या" असं सुनावल्यावर कुणी काही बोललं नाही.

टेबलाचं ग्रामपंचायतीनं मान्य केलं, प्रिंटर मुंबईकर मंडळी देतायत. पोरांचं मात्र अवघड आहे, एक मुलगी तयार झालीय, बीकॉमची, दुसरं कुणी नाही. ती गेले दोन गुरुवार नानांजवळ पारावर बसतीय. नाना खुश आहेत पण म्हणतात हिचं लग्न ठरलं की मी परत एकटा.

पाटीचे पाच जण शोधतोय. @बेळगावकर तुम्ही म्हणालात तसं स्पेलिंग बदलून बदलून बघितलं, आत्तापर्यंत दोन सापडले. एक १९१६ चा, गाव आमचंच, बापाचं नाव आहे. गुरुजींच्या आज्याचा चुलता तो नाही निघाला. जरा हिरमुसले, पण लगेच म्हणाले अजून तीन आहेत की.

आणि हो, सत्कार नको असेल नानांना असं वाटणाऱ्या स्पष्टवक्ते साहेबांसाठी. आम्ही घाबरत घाबरत विचारलं तर नाना म्हणाले, "शाल देणार असाल तर लोकरीची द्या, ती नायलॉनची नको, अंगाला टोचते. आणि फेटा कोल्हापुरी." डायरी आहे, एक नाही सात आहेत. २००४ पासनं ४१२ केसेस, त्यातल्या ६३ अजून चालू.

मानपत्र मी लिहिलं. तुमचं ऐकून दोघांनाही आधी दाखवलं. नानांनी बघितलं आणि काकूंच्या नावावर बोट ठेवलं, म्हणाले हेच नाव चुकीचं होतं म्हणून अकरा वर्षं लागली आणि तू परत तेच लिहिलंस? मी म्हणलं नाना त्यांच्या जुन्या अर्जावरनंच उतरवलं. गुरुजींनी त्यांचं मानपत्र घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवलं, लाल पेननं. तीन ऱ्हस्व-दीर्घ, एक वाक्य पूर्ण खोडलेलं, समासात "पाल्हाळ", आणि खाली सही करून दहापैकी सहा.